मॅरिकांची सून

साल्टमिअर हाउस, लिंकनशायर
१२ ऑक्टोबर १८२०

प्रिय ॲम्ब्रोज,

तीन वर्षांत तू मला लिहिलं नाहीस आणि मी तुला लिहिलं नाही, म्हणजे फिट्टंफाट. वयाने मी मोठी, तेव्हा अबोला मीच मोडते. तिकडे समुद्रापार हॅलिफॅक्सला बर्फ इतका पडतो म्हणे की दार उघडत नाही. इथेही बरं चाललंय असं नाही, पण दार उघडतं.

बातमी अशी की आपला गिल्बर्ट अर्ल होणार. बाबांनी अमेरिकेच्या लढाईत सैन्याला बूट पुरवले आणि सर टॉमस झाले. गिल्बर्टने पार्लमेंटात योग्य वेळी योग्य बाजूला मान हलवली आणि लॉर्ड साल्टमिअर झाला. आता नव्या राजाच्या राज्याभिषेकाला आणखी वरची पायरी हवी. पण मंत्रिसाहेबांनी कानावर घातलं, की कातडी कमावणाऱ्याच्या नातवाला अर्ल केलं तर लोक तोंडावर रुमाल धरून हसतील. जुनं रक्त असतं तर गोष्ट वेगळी. झालं! रक्त शोधायला लंडनहून क्विल्टर नावाचे गृहस्थ आले. सरदारांच्या वंशावळी लावायच्या आणि ढालीवर कोणता प्राणी कोणत्या पायावर उभा राहील ते ठरवायचं, हे त्यांचं सरकारी काम. माणूस भला आहे, फक्त जेवताना फार बोलतो.

रक्त लांब शोधावं लागलं नाही. ज्यांचं घर बाबांनी विकत घेतलं, त्या मॅरिकांचंच घेतलं. आयत्या बिळावर नागोबा. चर्चमध्ये आपल्या बाकावरच्या भिंतीत पिअर्स मॅरिकची संगमरवरी पाटी होती, आठवते ना? तुझं प्रवचन लांबलं की मी ती वाचत बसायचे. 'खाजणात बुडून मृत्यू, १६९९, वय बावीस, अविवाहित, कुळातला शेवटचा.' तर आता तो अविवाहित नव्हता असं ठरलंय. त्याने गुपचूप लग्न केलं होतं, आणि आपले जोनस आजोबा हे त्याचे चिरंजीव. आजोबांचे आईबाप कोण, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते असं उपयोगी पडलं.

मॅरिकांशी नातं जोडायची हौस गिल्बर्टला आधीपासूनच, आणि त्या अर्ध्या गोष्टीवरून तू भांडून गेलास. आजोबांची शवपेटी मातीतून काढून मॅरिकांच्या तळघरात ठेवायला तू, इथला पाद्री असून, नाही म्हणालास, आणि गिल्बर्टने तुझी जागा काढून घेतली. उरलेली अर्धी आता झाली. नव्या पाद्रीबुवांना काहीच वावगं वाटत नाही. पाटी काढून दूधघराच्या जमिनीत पालथी बसवली. आपण आता बार्कर नाही, मॅरिक. माझ्या रुमालांवरची अक्षरं वहिनीने स्वतः उसवली.

गंमत बघ. गिल्बर्टला मुलगा नाही. हे सगळं तो मेला की संपणार. पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. शाळेत पोरं त्याला पाहून नाक दाबायची, ते त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आजोबांचे कोपरापर्यंत तपकिरी झालेले हात मला आठवतात तसे त्यालाही आठवतात. मला त्यांच्या मांडीवर बसून सफरचंद खाल्लेलं आठवतं. त्याला नुसता वास.

गिल्बर्टची सेलिना बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

तुझी बहीण
ॲव्हरिल (आडनाव तूच काय ते घाल)


साल्टमिअर
१९ जानेवारी १८२१

प्रिय ॲम्ब्रोज,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेवर. असू दे.

तुला अजून कुणी पाद्री म्हणून ओळखत असेल, तर एक विचारायचं आहे. पण आधी काय झालं ते सांगते आणि तू हसू नकोस.

आपल्याकडे जेवायला जाताना जोड्या लागतात ते तुला माहीत आहे. ज्याचा मान मोठा तो पुढे, प्रत्येक बाईला एकेक हात. मी लॉर्डची नुसती बहीण, म्हणून मला शेवटी पाद्रीबुवांचा हात मिळतो आणि त्यांच्या कोटाला मेंढीच्या चरबीचा वास येतो. नाताळच्या जेवणाला पुरुष एक कमी पडला. सेलिना एकटी राहिली. वहिनी म्हणाली, "तू आत्याच्या मागून ये गं." सेलिना म्हणाली, "कशाला? मला आहे की हात." आणि कोपर वाकवून, कुणाच्या तरी बाहीत हात घालावा तशी ती चालू लागली. माझ्या मागून नाही. सगळ्यांच्या पुढून, आईच्याही पुढून. चालताना मान जरा वर. बाजूचा माणूस उंच असला की आपण धरतो तशी.

सगळे हसले. अठरा वर्षांची पोरगी, थट्टा करतेय. मीही हसले. मग जेवताना तिचा हातमोजा माझ्या हाताला लागला. कोपरापर्यंत भिजलेला होता. गार. खाजणातल्या शेवाळाचा वास येत होता.

तेव्हापासून रविवारी चर्चमध्ये बाकावर तिच्या शेजारची गादी ओली असते. छत गळतंय म्हणून गिल्बर्टने दोनदा माणूस चढवला. छत ठणठणीत आहे. सेलिना झगा सावरून, ती जागा सोडून बसते. गेल्या रविवारी मी मुद्दाम तिथे बसायला गेले, तर ती हळूच म्हणाली, "आत्या, अगं, तिथे नको."

"का गं?"

"बसलेत ना."

आदरार्थी बोलली, ॲम्ब्रोज.

माझा प्रश्न एवढाच. मेलेल्या माणसाबद्दल आपण काही खोटं ठरवलं, तर त्याला ते कळतं का?

तुझी
ॲव्हरिल


साल्टमिअर
१४ मार्च १८२१

ॲम्ब्रोज,

'बायकी कल्पना' हे शब्द तू इथला पाद्री असताना वापरायचास तेव्हाही मला आवडत नव्हते. पुन्हा लिहू नकोस.

आता ऐक. गेल्या आठवड्यात गिल्बर्ट न्याहारीला मटणाच्या चापा खात होता. सेलिना समोर बसून त्याच्याकडे बघत होती. आपल्या लेकीने बापाकडे बघावं तसं नाही. म्हातारी आपल्या पणतवंडाकडे बघते तसं, कौतुकाने आणि जरा नापसंतीने. म्हणाली, "हावरा आहेस हं. माझा जोनस असा नाही व्हायचा."

गिल्बर्टचा काटा ताटात पडला. "कोण जोनस?"

"अरे, कोण म्हणजे? तुझा आजोबा. थंडीत येणार आहे तो." आणि उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्याचे केस ओले झाले. तो पुसत बसला.

मी त्याच्या मागे अभ्यासिकेत गेले आणि दार लावून घेतलं. "गिल्बर्ट, वंशावळीत पिअर्सच्या बायकोचं नाव काय घातलंयस?"

"काहीतरी घातलंय. कुणाला काय कळतंय सव्वाशे वर्षांनी?"

"काय घातलंयस?"

तो खिडकीकडे बघायला लागला. मग सगळं बाहेर आलं. क्विल्टरसाहेबांनी जेवता जेवता विचारलं, की बायकोचं नाव द्या, नाहीतर लग्न सिद्ध होत नाही आणि जोनस अनौरस ठरतो. गिल्बर्टच्या तोंडात घास. तेवढ्यात दारातून लेक आली. "सेलिना," म्हणाला तो. क्विल्टरनी विचारलं, मग सरदाराचा मुलगा चांभार-कातडीवाल्यांत कसा वाढला? गिल्बर्टने त्यालाही उत्तर दिलं. ईस्टरला गुपचूप लग्न. सप्टेंबरात पिअर्स बुडाला. जानेवारीत जोनस जन्मला आणि बाळंतपणात आई गेली. पोरकं पोर गावाने कातडीवाल्याच्या पदरात टाकलं.

"म्हणजे आई गेली," मी म्हणाले.

"ॲव्ही, ती गोष्ट आहे."

"तुझ्याच लेकीचं नाव घालून तूच तिला बाळंतपणात मारलंस, आणि मला सांगतोस गोष्ट आहे? जा, बघ जरा तिच्याकडे."

"तिला समुद्रस्नानाला स्कारबराला पाठवू," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात खाऱ्या पाण्याने मज्जातंतू शांत होतात."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. मी म्हणाले, सगळं मागे घे, कळव त्यांना की चूक झाली. तो पांढराफटक पडला. मंत्र्यांपुढे कागद गेले आहेत, आता मागे घेतलं तर जन्मभर लोक नाक दाबतील, सेलिनाचंही लग्न जमणार नाही. लेकीवर त्याचं प्रेम नाही असं मी म्हणत नाही. त्याला फक्त ते खरं वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच त्याचं चाललंय.

सेलिना शिवणकाम काढून बसली आहे. पांढरं कापड आहे. ईस्टर २२ एप्रिलला. मी लंडनला चालले आहे.

ॲव्हरिल


लंडन
५ एप्रिल १८२१

प्रिय ॲम्ब्रोज,

काम झालं. हुश्श! लंडनमध्ये इतका धूर आहे की मी काळी टोपी नवी घेतली, म्हणजे कळणार नाही.

क्विल्टरसाहेब मला बघून उठले, पुन्हा बसले. मी सांगितलं, पिअर्सचं लग्न झालंच नव्हतं. ते म्हणाले, "बाईसाहेब, हे मी ऐकलेलं नाही." मी म्हटलं, निदान आईला मारू नका. ते म्हणाले, आई जगली तर पोर कातडीवाल्याकडे का गेलं? ती कथा मंत्र्यांना तोंडपाठ झाली आहे, तिला हात लावता येणार नाही. नावात मात्र लेखनिकाची चूक होऊ शकते, ते दुरुस्त करता येतं.

तेव्हा नाव बदलायचं. वाटेत गाडीत मी हाच विचार करत आले होते. जोन म्हणावं, तर आपल्या लोहाराची सून जोन. डॉर्कस म्हणावं, तर दूधघरात डॉर्कस. मार्जरी, ॲग्नेस, बेट्टी. जे नाव मनात आणावं, त्याला 'ओ' देणारी कुणीतरी पोर तीन गावांत आहेच, आणि कुणाला तरी हवी आहे. एकच नाव असं सापडलं की त्या नावाने हाक मारायलाही फारसं कुणी उरलं नाही.

"ॲव्हरिल," मी म्हणाले. "माझं नाव तिच्यावरूनच ठेवलंय. घरातली जुनी चाल आहे." खोटं बोलायला लागले की मीही गिल्बर्टची बहीण शोभते.

क्विल्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "काल सेलिना, आज ॲव्हरिल. उद्या आणखी कोणी?"

"उद्या कोणी नाही," मी म्हणाले. त्यांनी खोडलं आणि लिहिलं. शाई सुकेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

तू ओरडायच्या आधी माझा हिशेब ऐक. मी एकोणपन्नाशीला आले. बायकांचं जे असतं ते दोन वर्षांपूर्वीच माझ्याकडून निरोप घेऊन गेलं. तू पाद्री असलास तरी बहिणीचा भाऊ आहेस, समजून घे. येऊ दे पिअर्सला. बसू दे जेवायला, धरू दे हात. मूल होणार नाही, तर बाळंतपणात मरणार कोण? फसवलं की नाही? सव्वाशे वर्षांपूर्वी बुडालेला नवरदेव आणि त्याच्या पदरात म्हातारी कुमारिका. या विचाराने बिऱ्हाडी परतताना मी गाडीत एकटीच हसत होते, समोरची बाई घाबरून कोपऱ्यात सरकली.

घरून पत्र आलंय. सेलिना गेल्या गुरुवारी सकाळी उठून म्हणाली, भूक लागली आहे. शिवणकाम कुणाचं म्हणून विचारते.

तुझी शहाणी बहीण
ॲव्हरिल


साल्टमिअर
३० सप्टेंबर १८२१

प्रिय ॲम्ब्रोज,

तुझी तीन पत्रं माझ्यासमोर आहेत आणि तिन्हींत तू एकच विचारतोस, की ईस्टरला काय झालं. ईस्टरच्या रविवारी मी चर्चमध्ये सगळ्यांनंतर थोडा वेळ एकटी बसले होते. याहून जास्त सांगणार नाही. मला कुणी जबरदस्ती केली नाही, एवढं तुझ्या समाधानासाठी.

गिल्बर्ट जुलैत अर्ल झाला. मखमली झगा, पांढरा केसाळ काठ, घामाने निथळत होता. सेलिना आता लेडी सेलिना. तिच्या मागे एक बुटका, हसरा वाइकाउंट सरदार लागलाय आणि ती त्याची मनसोक्त टिंगल करते. ती वाचली, ॲम्ब्रोज. तिला मोठ्याने हसताना ऐकलं की मला वाटतं, मी काहीही केलं असतं.

मी मिस ती मिसच. पण जेवायला जाताना मी पुढे चालते. कुणी काही बोलत नाही. पहिल्यांदा वहिनी रागावली, मग माझ्या बाहीला तिचा हात लागला आणि तिने हात मागे घेतला. पाद्रीबुवांच्या कोटाचा वास सुटला हा एक फायदा.

तुला वाटत असेल मी भितेय. उन्हाळाभर मी भ्यायले नाही. तो फार बोलत नाही. पोरगा आहे, बावीस वर्षांचा, लाजतो. खाजणातले पक्षी त्याला नावानिशी माहीत आहेत. माझा हात कुणी असा धरला नव्हता, आणि हे तुला कळवताना मला लाज वाटत नाही. कुळातला शेवटचा म्हणून दगडात कोरून ठेवलं होतं त्याला. त्यालाही कुणीतरी हवं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी भरतीच्या वेळी तो उठून गेला. मी खिडकीतून हाका मारल्या. खाजणात कुणी नव्हतं. बाही कोरडी झाली. तेव्हापासून काळे कपडे घालते. वहिनी विचारते, कुणाचं सुतक? काय सांगू तिला?

अंग जड वाटतं. म्हातारपण. सकाळी जेवण नकोसं होतं. शिवणारणीने झगे कमरेत सैल करून दिले. डॉक्टर म्हणतात पाणी झालंय पोटात.

ॲम्ब्रोज, तू ये. काही विचारू नकोस, मिळेल त्या जहाजाने ये.

ॲव्हरिल


साल्टमिअर
२१ डिसेंबर १८२१
(लिव्हरपूलच्या सरायवाल्याकडे, पाद्री ॲम्ब्रोज बार्कर जहाजावरून उतरताच द्यावे)

माझ्या ॲम्ब्रोज,

तू निघालास हे कळलं. वारा उलटा आहे, तेव्हा हे पत्र तुझ्या आधी पोचेल.

पोटात पाणी नाही. ऑक्टोबरात एके सकाळी मी सफरचंद सोलत होते आणि ते हललं. आधी मी म्हणाले, म्हाताऱ्या पोटाचे चाळे. मग पुन्हा हललं, चांगलं ढुशी मारून. मी खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा, खरं सांगते, घाबरले. मग कोण आहे ते आठवलं आणि उभ्या जन्मात आला नव्हता इतका आनंद झाला. ज्यांच्या मांडीवर मी बसले ते आता माझ्या पोटात आहेत. त्यांची आई कोण हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आता मला ठाऊक आहे.

हुशारी केली आणि हात दाखवून अवलक्षण झालं, म्हणशील. म्हण. सेलिनाचं त्या वाइकाउंटशी लग्न वसंतात आहे. त्यापुढे माझी तक्रार नाही. मी मरणार हे मला माहीत आहे. त्याचं दुःख आहे, पण ते लिहीत बसायला वेळ नाही.

काल गिल्बर्ट माझ्या खोलीत आला. पलंगाशी बसला. लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडला. "ॲव्ही, मी सगळं परत देतो. अर्लपद, लॉर्डपद, घर. उद्याच लंडनला जातो."

"कुणाला परत देशील? घेणारा बुडाला."

"मला माफ कर."

मी केलं. मनापासून केलं, आपला भाऊ आहे. त्याने माझा हात धरला आणि आम्ही दोघं तसेच बसलो. मग डोळे पुसून, खाली बघत त्याने विचारलं, "मुलगाच होणार, नाही का? म्हणजे, ते ठरलेलंच आहे."

मी हात काढून घेतला.

वहिनीने सोमवारपासून सैल झगे घालायला सुरुवात केली आहे. पाहुण्यांना भेटत नाही, दुपारी पडून राहते, आणि शेजारणींची अभिनंदनाची पत्रं येताहेत. सेलिनाला बाथला मावशीकडे पाठवलंय. डॉक्टर आता दोघींना तपासतात, आधी तिला, मग मला. गिल्बर्टला वारस मिळणार. साल्टमिअरचा दुसरा अर्ल, मॅरिक कुळातला, मखमली झग्यातला. आपल्या आजोबांना, ॲम्ब्रोज! ज्यांनी आयुष्यात कुणाला वाकून सलाम केला नाही, त्यांना हा माणूस पार्लमेंटात मान हलवायला शिकवणार. कुणाचे हात तपकिरी दिसले तर नाक दाबायला शिकवणार.

दाई आपल्या बाजूची आहे. आजोबांचं नाव तिने तिच्या आजीकडून ऐकलंय. मूल झालं की ते मेलं असं ती वर सांगेल आणि मागच्या दाराने टोपलीतून त्याला गावात नेईल. कातडीच्या कारखान्याच्या फाटकाशी तू गाडी घेऊन उभा राहा. तू नसलास, तर ती त्याला तिथल्याच कुणाच्या तरी पदरात टाकेल, आणि सकाळ होईपर्यंत गिल्बर्ट त्याला शोधून काढेल. म्हणून तू हवास. त्याला हॅलिफॅक्सला ने. नाव बदलू नकोस. बाप्तिस्मा जहाजावरच कर. काहीतरी हाताचं काम शिकव. आई कोण म्हणून विचारलं तर खरं सांग, त्याला पटलं नाही तरी चालेल.

वहिनीच्या खोलीत आज पाळणा नेऊन ठेवला. तिने लेसचा पडदा लावलाय, मी दारातून पाहिला. सरायमध्ये जेवायला थांबू नकोस.

ॲव्हरिल बार्कर